हलक्या कथेला जमीन हवी

दिवाळी अंक आमच्या येडगावात वाचून संपतात ते नाताळच्या सुमारास. दिवाळीत सोयाबीनची मळणी, पाठोपाठ कांद्याची लागण. अंक हाती लागतो तो डिसेंबरच्या थंडीत, जेवणं झाल्यावर, तुकड्यातुकड्यानं. यंदाचे अंक असेच वाचले आणि त्यातल्या हलक्याफुलक्या प्रेमकथांनी मला संताप आणला.

बहुतेकींचा नायक पुण्यात कंपनीत, नायिका जाहिरातीच्या धंद्यात. कॉफी, पाऊस, मोबाइलवरचा अर्धवट निरोप, गैरसमज, समेट. दोघं खोलीचं भाडं किती देतात, आईचं आजारपण कोण निभावतं, याचा पत्ता नाही. हलकी कथा आहे, एवढं काय बघायचं, असं त्यावर सांगतात. मला नेमकं तेच बघायचं आहे.

ओ. हेन्रीची १९०५ सालची नाताळची गोष्ट आठवा. तिच्या नायिकेपाशी, डेलापाशी, १ डॉलर ८७ सेंट उरलेत, हे सुरुवातीलाच कळतं. त्या चिल्लरीवाचून तिचे केस विकणं पोरकट ठरलं असतं.

आपल्याकडे हे मर्म वपु काळ्यांना कळलं होतं. फडक्यांनी तंत्र दिलं, ते तंत्रच राहिलं. खांडेकरांना हलकेपणाचं वावडं होतं. वपु मुंबई महानगरपालिकेत वास्तुविशारद होते. माणसाला किती चौरस फूट मिळतात, हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक होतं. त्यांच्या ‘पार्टनर’ कादंबरीतलं प्रेम घराच्या टंचाईत श्वास घेतं. नव्या जोडप्याला दार लावून बोलायला जागा नाही, ही अडचण कथेला वेगही देते आणि हसूही. वपुंच्या मागून आलेल्यांनी त्यांची सुभाषितं तेवढी उचलली, खोली मागेच टाकली. आज मोबाइलवर फिरतात तीही सुभाषितंच. हा वपुंवर अन्याय आहे.

आणि गावाचं काय? शंकर पाटील, मिरासदार थोर आहेत, पण त्यांच्या गावात प्रेम बहुतेक वेळा फजितीच्या वाटेनं येतं. नंतरची ग्रामीण कथा दुष्काळ आणि कर्जाकडे वळली. ते लिहायलाच हवं होतं. पण म्हणून गावातल्या पोरापोरींनी प्रेमात पडायचं आणि हसायचं ते कोणाच्या कथेत?

आमच्याकडे थ्री फेज लाइट आठवडाभर रात्रीची असते. कुकडीच्या कालव्याचं आवर्तन सुटलं की पोरगा बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जातो, बिबट्याच्या भीतीनं मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावतो. पलीकडच्या वस्तीवर कोणी जागं असेल, तर त्याला ते गाणं ऐकू जातं. इथून कथा सुरू होत नाही? नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला भाव मिळाला तर साखरपुडा, पडला तर पुढच्या हंगामाला, हा ताण कॉफीच्या टेबलावर कुठून येणार? मुलीला जमीन असलेलं घर चालतं, शेती करणारा नवरा नको असतो. या एका गोष्टीवर आमच्या तालुक्यात किती स्थळं अडली आहेत! यावर रडक्या समस्याकथा येतात, परिसंवाद होतात. ‘नाही’ म्हणणारी मुलगी हुशार आहे, तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि तरीही तिचं मन कांद्याच्या वाफ्यात उभ्या असलेल्या कोणावर जडतं, ही प्रेमकथा मला यंदा एकाही अंकात सापडली नाही.

जिथं हिशेब आहे, अडथळा आहे, तिथंच हलकेपणा शोभतो. ज्यांना काहीच जड नाही, त्यांच्या प्रेमाला हलकं म्हणण्यात अर्थ नाही. ते नुसतं रिकामं आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकानं लावलेली सणाच्या वाचनाची सवय अशा रिकाम्या पानांवर टिकणार नाही.

संपादकांना माझी विनंती आहे: पुढच्या दिवाळीसाठी प्रेमकथा मागवाल, तेव्हा नारायणगाव, ओतूर, मंचरच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींकडे मागा. सुट्टीत तेच रात्रीचं पाणी भरतात.