शाक्यसंघातील मूक सभासद

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडातील शाक्यसंघाचे प्रकरण आपल्या विहारांतून वर्षावासात दरवर्षी वाचले जाते. वाचन संपले की चर्चा बहुधा एकाच वळणाने जाते. वृद्ध, रोगी, मृतदेह आणि संन्यासी ही चार निमित्ते बाबासाहेबांनी का नाकारली, रोहिणीच्या पाण्याचा तंटा हे गृहत्यागाचे कारण त्यांनी कोठून घेतले, आणि त्याला त्रिपिटकात आधार आहे काय, एवढ्यावर ती थांबते. आधाराच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. सुत्तनिपातातील अट्ठकवग्गाच्या अत्तदण्ड सुत्तात शस्त्रधारणामुळे उपजलेल्या भयाचा आणि आटत्या पाण्यातील माशांप्रमाणे तडफडणाऱ्या माणसांचा उल्लेख आहे. धर्मानंद कोसंबी यांनी या सुत्ताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, आणि आपल्या ‘बोधिसत्त्व’ नाटकात शाक्य-कोलियांच्या तंट्याशी गृहत्यागाची सांगड घातली. मात्र संघाच्या सभेचा जो साद्यंत वृत्तान्त बाबासाहेबांनी दिला आहे, तो तसाच्या तसा कोणत्याही पालि ग्रंथात सापडत नाही. हे आम्ही पालिचे विद्यार्थी म्हणून मोकळेपणाने मान्य करतो. त्यात बिचकण्यासारखे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. उलट, मूळ साधनांत जे नाही ते बाबासाहेबांनी का घातले, हाच या प्रकरणाच्या समीक्षेतील मुख्य प्रश्न होय.

प्रसंग वाचकांस परिचित आहेच, पण त्यातील एक तपशील बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. सिद्धार्थ विसाव्या वर्षी संघाचा सभासद होतो. आठव्या वर्षी रोहिणीच्या पाण्यावरून शाक्यांच्या आणि कोलियांच्या सेवकांत मारामारी होते. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो व उपसूचना आणतो : दोन्ही पक्षांनी दोघे-दोघे निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा, आणि या पाचांनी तंटा मिटवावा. उपसूचनेला रीतसर अनुमोदन मिळते, मतदान होते आणि ती फार मोठ्या बहुमताने फेटाळली जाते. युद्धाचा ठराव मंजूर होतो. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव येतो. आदल्या दिवशी विरोधात मत दिलेले सभासद सभेत हजर असतात. बहुमतापुढे मान तुकवायची नाही असा त्यांचा निश्चय झालेला असतो, म्हणूनच ते आलेले असतात. परंतु उघडपणे तसे म्हणण्याचे धैर्य त्यांच्यापैकी एकालाही होत नाही. आपले समर्थक गप्प बसलेले पाहून सिद्धार्थ एकटाच उठतो.

या मूक सभासदांना नावे नाहीत, संवाद नाहीत. तरी आमच्या मते सबंध प्रकरणाचा भार त्यांच्यावरच आहे. सेनापतीला कामकाजाची रीत अवगत आहे. सिद्धार्थ असामान्य आहे. उरतात ते हे सामान्य नागरिक : मत बरोबर, विवेक जागा, पण तोंड बंद.

विनयपिटकाचे ज्याला ज्ञान आहे त्याला या मौनाचा अर्थ अधिक तीव्रतेने जाणवेल. संघकर्मात ‘ञत्ति’, म्हणजे प्रस्ताव, मांडल्यावर ‘अनुस्सावना’ होते. उपसंपदेसारख्या कर्मात ती तीन वेळा होते. दर वेळी सांगितले जाते की ज्यांना हे मान्य असेल त्यांनी मौन धरावे, ज्यांना मान्य नसेल त्यांनी बोलावे. अखेरीस संघाचे मौन हीच संमती म्हणून नोंदली जाते. म्हणजे भिक्खुसंघात गप्प बसणे ही तटस्थता नव्हे. ते एक कृत्य आहे आणि त्याची मोजदाद होते. ज्याला आक्षेप आहे आणि जो गप्प बसला, त्याने संमती दिली. पुढे पडवीत बसून ‘मला पटले नव्हते’ म्हणण्यास त्याला जागा राहत नाही.

येथे आपल्या वर्तुळातील एका सवयीबद्दल बोलणे प्राप्त आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या कामकाजातील ठराव, गणपूर्ती, प्रतोद, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव यांचा उल्लेख केला, आणि ही लोकशाही पद्धती भारताने गमावली असेही सांगितले. आपले वक्ते या यादीचा पहिला भाग अभिमानाने उद्धृत करतात आणि दुसरा भाग ओलांडून जातात. गमावली ती का, हा प्रश्न अभिमानाच्या भरात विचारलाच जात नाही. चुल्लवग्गातील शलाकाग्रहणाचेच पाहा. निरनिराळ्या रंगांच्या शलाका करून, एकेका भिक्खूजवळ जाऊन गुप्तपणे मत घेण्याची ‘गूळ्हक’ पद्धती तेथे आहे, कानात सांगून मत घेण्याची ‘सकण्णजप्पक’ आहे आणि उघड मतदानाची ‘विवटक’ आहे. एवढे सांगून आपण थांबतो. पण त्याच परिच्छेदात असेही आहे की अधम्मवाद्यांची संख्या अधिक भरते असे दिसल्यास शलाका वाटणाऱ्याने ग्रहण सदोष ठरवून ते मागे घ्यावे. आधुनिक मतदाराला हे खटकेल, आणि ते खटकलेच पाहिजे. संघाने निव्वळ संख्येवर भिस्त ठेवली नाही हे यातून खरे, पण तो अधिकार एका व्यक्तीच्या हाती दिला हेही तितकेच खरे. विनयाला आजच्या संसदेचा आद्य नमुना म्हणून मिरवण्यापूर्वी हा परिच्छेद पुरता वाचावा, एवढेच आमचे म्हणणे.

बाबासाहेबांनी शाक्यसंघाच्या सभेत बहुमताला चुकू दिले आहे, आणि चुकू देताना कामकाजात एकही दोष ठेवलेला नाही. ठराव, अनुमोदन, उपसूचना, मतदान, सर्व यथासांग. तरी निर्णय युद्धाचा. या मांडणीमागील अनुभव शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव संमत झाला. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांचे अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्याले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. ठराव करणे रीतसर होते, रद्द करणेही रीतसरच होते. रोहिणीच्या पाण्यावरील सभेचे वर्णन करणाऱ्या लेखणीला चवदारचे पाणी आठवत नसेल असे आम्हांस वाटत नाही.

मग ते सभासद गप्प का बसले? ग्रंथकाराने त्यांना नुसते भित्रे ठरवून सोडून दिलेले नाही. सिद्धार्थाने सैन्यात जाण्यास नकार देताच सेनापती त्याला बजावतो : कोसलराजाच्या अनुमतीवाचून संघ देहदंड किंवा हद्दपारी देऊ शकत नाही हे खरे, पण तुझ्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालण्यास आणि तुमची जमीन जप्त करण्यास कोणाच्या अनुमतीची गरज नाही. आमच्या वाचनात हे या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. अट्ठकथेत ते नाही. ते महाराष्ट्राच्या गावगाड्यातून आलेले आहे. महाडनंतर कित्येक गावांत अस्पृश्यांना वाळीत टाकले गेले. दाणागोटा बंद, कामधंदा बंद, कसायला घेतलेली जमीन काढून घेतली गेली. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या ज्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सभासद होते, तिच्या अहवालात या हत्याराची नोंद आहे. गोलमेज परिषदेपुढे मांडलेल्या संरक्षणांच्या योजनेत बहिष्कार हा दंडनीय गुन्हा ठरवावा अशी मागणी त्यांनी केली होती, आणि त्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या कायद्याचा आधार घेतला होता. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला तो २०१६ मध्ये. जो नागरिक दुसऱ्याच्या शेतावर राबतो, दुसऱ्याच्या दुकानातून उधारीवर किराणा आणतो, त्याला मताधिकार मिळाला तरी वाणी मिळतेच असे नाही, हे सेनापतीच्या त्या एका वाक्यात सामावलेले आहे. कालविपर्यास म्हणून ज्यावर बोट ठेवले जाते, तेथेच ग्रंथाचा अर्थ दडलेला असतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

असे असले तरी एका बाबतीत आम्ही ग्रंथकाराशी वाद घालू इच्छितो. धम्मपद-अट्ठकथेतील सुखवग्गात रोहिणीची जी कथा आहे, तिच्यात तंट्याची सुरुवात दोन्ही बाजूंच्या दास-कम्मकारांत होते. ज्येष्ठातील दिवस, पिके सुकू लागलेली, बंधाऱ्यातील पाणी दोघांना पुरणारे नाही, आणि आमचे पीक एका पाण्यात हाती येईल असे जो तो म्हणतो. शिवीगाळ होते, हाणामारी होते, वार्ता अमात्यांकडे व तेथून राजकुळांकडे जाते. सैन्ये समोरासमोर उभी ठाकतात. तथागत येतात आणि राजांना विचारतात, हा कलह कशाचा? राजांना ठाऊक नाही. सेनापतीला विचारावे, तर त्यालाही नाही. असे एकेकाला विचारत विचारत शेवटी दास-कम्मकारांना विचारले जाते, तेव्हा कळते की कलह पाण्याचा. ज्यांच्या नावे रक्त सांडायचे त्यांच्यापैकी कोणालाच कारण माहीत नाही. माहीत आहे ते संथागाराची पायरी चढण्याचा अधिकार नसलेल्यांना. अट्ठकथाकाराने हा विनोद अगदी सहज केला आहे, आणि तो फार कडू आहे.

बाबासाहेबांच्या सभेत हे राबणारे लोक केवळ जखमी होण्यापुरते येतात. त्यांची साक्ष कोणी काढत नाही. क्षत्रियांची सभा क्षत्रियांपुरतीच राहते. गणसंघांना लोकशाही म्हणताना ही मर्यादा दृष्टीआड करता कामा नये, आणि ती दाखवण्याची आयती संधी या प्रकरणात हुकली, असे आम्हांस वाटते. एक धागा मात्र शिल्लक आहे. सिद्धार्थ सभेत म्हणतो की दोषी कोण याची आधी चौकशी व्हावी, कारण आपल्या माणसांनीही आगळीक केली असे आपल्या कानी आले आहे. हे त्याच्या कानी कोणी घातले? बंधाऱ्यावर असलेल्यांवाचून दुसरे कोण घालणार? म्हणजे मूळ कथेतील दास-कम्मकार नव्या कथेत बोलत नाहीत, तरी त्यांचे म्हणणे सभेत एकाच्या तोंडून पोहोचलेले आहे.

७३ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील ग्रामसभेस आम्ही पाहुणे म्हणून बसलो होतो. नळयोजनेचा ठराव होता. वस्तीपर्यंत पाइप नेण्याचा मुद्दा कागदावर नव्हता. वस्तीतील पंधरा-वीस माणसे मागे उभी होती. ‘कोणाची हरकत?’ असे विचारण्यात आले, कोणी बोलले नाही, आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले गेले. बाहेर चहाच्या टपरीवर त्याच माणसांनी पाइपाचा उतार, टाकीची उंची, कोणत्या वळणावर पाणी अडेल, हे सारे आम्हांस समजावून सांगितले. आणि हे केवळ गावकीचे दूषण समजू नये. आपल्या विहार समित्यांचे इतिवृत्त उघडून पाहावे. जमाखर्च, नूतन कार्यकारिणी, जयंतीची वर्गणी, सारे ‘सर्वानुमते’. महिला मंडळातील भगिनी वर्षभर विहार झाडतात, खीरदान करतात. सभेत त्या कोपऱ्यात बसतात, आणि अध्यक्ष ‘मान्य आहे ना, ताई?’ असे विचारून उत्तराची वाट न पाहता पुढील विषयाकडे वळतात.

ग्रंथाचा पहिला खंड येथे संपत नाही. वर्षावासातील वाचन मात्र बहुतेक ठिकाणी गृहत्यागाच्या करुण प्रसंगावर थबकते आणि दुसऱ्या भागातील शांततेच्या वार्तेचे छोटे प्रकरण घाईने उरकले जाते. राजगृहात पाच परिव्राजक सिद्धार्थाला भेटतात आणि सांगतात की तू गेल्यानंतर कपिलवस्तूत मोठी चळवळ झाली. पुरुष, स्त्रिया, मुले-मुली ध्वज घेऊन मिरवणुकीने निघाली, कोलिय आमचे बांधव आहेत अशा घोषणा झाल्या. संघाला पुन्हा सभा बोलवावी लागली. या वेळी बहुमत समेटाच्या बाजूने पडले, दोन्हीकडून पाच-पाच माणसे नेमली गेली आणि रोहिणीच्या पाण्यासाठी कायमचे लवाद मंडळ स्थापन झाले. सिद्धार्थाची फेटाळलेली उपसूचना तो तेथे नसताना मंजूर झाली, आणि ती करवून घेणाऱ्यांत अशा स्त्रिया व मुले होती की ज्यांना संघात मतच नव्हते.

१९४९ च्या भाषणात घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रह आणि असहकार वर्ज्य मानणाऱ्या बाबासाहेबांनी ही मिरवणूक का रंगवावी, असे कोणी विचारील. आमच्या मते येथे विसंगती नाही. मिरवणूक संघाला बाजूस सारून तंटा मिटवीत नाही. ती संघाला पुन्हा सभेस बसवते, आणि निर्णय सभाच करते. आमची तक्रार एवढीच की हा प्रसंग एका परिच्छेदात, परिव्राजकांच्या तोंडून उरकला आहे. पहिल्या सभेचे कामकाज इतक्या तपशिलाने देणाऱ्या ग्रंथकाराने दुसऱ्या सभेचेही दिले असते तर बरे झाले असते. या वेळी ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिले, सेनापती काय म्हणाला, आणि त्या दुसऱ्या दिवशी गप्प बसलेल्यांपैकी कोण प्रथम उठून उभा राहिला?