‘कानोसा’ आणि कान देणारी

राजुऱ्यास आमच्या परिचयाची एक परिचारिका बाळंतिणींच्या अनुभवांवर गुणात्मक संशोधनाचा प्रबंध लिहीत आहे. तिनें आपलीं टिपणें आम्हांस वाचावयास दिलीं. मांडणी नेटकी होती, परंतु पानोपानीं उत्तर एकच : “सर्व ठीक आहे, बाई.” विचारणारी कोण, कोणत्या वेषांत व कोणत्या अधिकारानें समोर उभी होती, याविषयीं त्यांत अवाक्षर नव्हतें. आम्हीं तिच्या हातीं डॉ. राणी बंग यांचें ‘कानोसा’ हें पुस्तक दिलें.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांतील ग्रामीण स्त्रिया आपल्या शरीराविषयीं काय मानितात व काय बोलतात, हा त्याचा विषय. पुस्तकाचें नांवच मार्मिक आहे. बोलणें दुसऱ्याचें असतें, पण कानोसा आपण घ्यावयाचा असतो. म्हणून आपल्या कानाची परीक्षा आधीं करणें प्राप्त होतें. संशोधकाचें आत्मपरीक्षण म्हणतात तें हेंच.

त्याची किंमत आंकड्यांवरून कळते. १९८९ सालीं बंग दांपत्य व त्यांचे सहकारी यांनीं ‘लॅन्सेट’मध्यें दोन गांवांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकीं ४५ टक्के स्त्रियांची कांहींच तक्रार नव्हती. तपासणीअंतीं मात्र ९२ टक्के स्त्रियांस स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग आढळले. पूर्वीं तपासणी व उपचार लाभलेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. कांहीं रोग मुके असतात, हें खरें. तथापि “तक्रार नाहीं” याचा अर्थ “रोग नाहीं” असा करणारी लेखणी कोणाचा तरी उपचार चुकविते.

बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेनें रुग्णालयाविषयीं आदिवासींचें मन जाणून घेतलें, तेव्हां पांढऱ्या वेषाची भीति पुढें आली. पांढऱ्या वस्त्रांत तर मृतास गुंडाळतात! परिचारिकेस जें सेवेचें चिन्ह वाटतें, तें रुग्णास प्रेतवस्त्र वाटूं शकतें. हें ज्या संशोधिकेस ठाऊक नाहीं, तिला मिळालेलें उत्तर तिच्या वेषाला दिलेलें असतें.

एक इशारा मात्र अवश्य दिला पाहिजे. आत्मपरीक्षण म्हणजे आत्मचरित्र नव्हे. बाळंतिणीस बाजूला सारून लेखिकाच पानभर बोलूं लागली, तर तीहि बहिरेपणाचीच एक तऱ्हा होय.

आमच्या परिचारिकेनें टिपणें पुन्हां लिहिलीं. आपणच त्या खोलींत इंजेक्शनें देत होतों, हें तिनें आरंभींच नमूद केलें. एका “सर्व ठीक”खालीं आतां एवढेंच आहे : सासू खाटेशीं उभी होती, उद्यां एकटी असतां पुन्हां विचारावें. साऱ्या प्रबंधांत तें पान आम्हांस सर्वांत विश्वासार्ह वाटलें.