रूइश यांचे शारीर नमुने : जतनाची कला आणि अनामिक देह

मानवी अवयवांच्या जतनाचा इतिहास बहुधा रसायनांचा इतिहास म्हणून मांडला जातो. मद्यार्क, रंगीत मेणाचे अंतःक्षेपण, १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लूम यांनी ऊतींच्या स्थिरीकरणासाठी सुचविलेले फॉर्मॅलिन आणि १९७७ मध्ये गुंथर फॉन हागेन्स यांनी विकसित केलेले प्लास्टिनेशन, असा हा क्रम होय. परंतु काय टिकवावे आणि काय झाकावे, हे ठरविणारी दृष्टीही या पद्धतींमागे असते. फ्रेडरिक रूइश (१६३८–१७३१) यांच्या संग्रहाच्या आधारे ती तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

अ‍ॅमस्टरडॅमच्या या शरीररचनातज्ज्ञाने रक्तवाहिन्यांत रंगीत मेणयुक्त द्रव भरून मृत त्वचेला सजीव कांती दिली. मिश्रणाची कृती मात्र गुप्त ठेवली. १७१७ मध्ये पीटर द ग्रेट याने हा संग्रह ३०,००० गिल्डरांना विकत घेतला. त्यांतील शेकडो नमुने सेंट पीटर्सबर्गच्या कुन्स्टकामेरा संग्रहालयात आजही सुरक्षित आहेत.

अर्भकाच्या हाताला चढविलेली लेसची बाही ही रूइश यांची ओळख. ती त्यांच्या सौंदर्यदृष्टीची साक्ष मानली जाते. हे अंशतः मान्य केले तरी ती बाही नेमकी छेदाच्या जागीच आहे, हे दुर्लक्षिता येत नाही. ती पाहणाऱ्याच्या मनातील शिसारी दूर करते, तसाच ‘हा हात कोणाचा?’ हा प्रश्नही दूर सारते. रूइश सुईणींचे अधिकृत शिक्षक होते. त्यामुळे मृत अर्भके त्यांना उपलब्ध होत. त्यांच्या मातांची संमती मात्र या सौंदर्यात कोठेच नोंदलेली दिसत नाही.

नाव ज्ञात असूनही न्याय मिळतोच असे नाही. १७८३ मध्ये निवर्तलेल्या चार्ल्स बर्न या अतिउंच आयरिश पुरुषाला समुद्रात दफन हवे होते, असे तत्कालीन वृत्तांत सांगतात. तरीही जॉन हंटर यांनी त्याचा सांगाडा मिळविला. लंडनच्या हंटेरियन संग्रहालयाने २०२३ मध्ये तो प्रदर्शनातून काढला, परंतु संशोधनासाठी स्वतःकडेच ठेवला.

हा प्रश्न केवळ युरोपचा नाही. १९४९ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने बेवारस देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची तरतूद केली. ‘बेवारस’ म्हणजे ‘संमती दिलेला’ नव्हे.

सारांश, रूइश यांचे कौशल्य निर्विवाद आहे. त्यांचे जतन मात्र अपुरे आहे. देहाबरोबर त्याची कहाणी आणि संमतीही जपली जाईल, तेव्हाच जतन पूर्ण झाले असे म्हणता येईल.