प्रबंधातले नाक, मैदानातले पाय

प्रस्थापित कथा-कादंबरीने दलित माणूस कसा रंगवला, याची झडती आपल्या समीक्षेने गेली पन्नास वर्षे घेतली आहे. ती घ्यायलाच हवी होती. परंतु विद्यापीठांच्या ग्रंथालयांत रेक्झीनच्या बांधणीत, पाठीवर सोनेरी अक्षरे मिरवत जे दुसरे वाङ्मय उभे आहे, त्याकडे आपण वाङ्मय म्हणून कधी पाहिलेच नाही. मी प्रबंधांविषयी बोलतो आहे. त्यातही शारीरिक शिक्षणातील प्रबंधांविषयी. तिथेही आपला माणूस रंगवलेला आहे. फक्त तो शब्दांनी नव्हे, कोष्टकांनी.

मी कंधारला गणित शिकवतो. या मन्याडच्या खोऱ्यात गणिताच्या मास्तराकडे दोन प्रकारची माणसे येतात. एक, पोराच्या दहावीने हैराण झालेला बाप. दुसरा, 'टी' काढून पाहिजे असलेला संशोधक. दुसऱ्या प्रकारची माणसे आली की त्यांचे प्रबंध मी नुसते मोजत नाही, वाचतोही. त्यांचा साचा ठरून गेलेला आहे. 'अनुसूचित जाती व खुल्या प्रवर्गातील खेळाडूंच्या शारीरिक क्षमतेचा तुलनात्मक अभ्यास', किंवा 'आदिवासी व बिगर-आदिवासी विद्यार्थ्यांच्या...', पुढे तेच. दोन गट घ्यायचे, त्यांना ५० मीटर पळवायचे, उंच उडी मारायला लावायची, छाती-दंडाला टेप लावायचा, सरासऱ्या काढायच्या आणि मग ते वाक्य येते : 'दोन गटांत लक्षणीय फरक आढळून आला.'

या वाक्याचा कर्ता कोण? आढळून आला, पण कोणाला? ज्याने आधीच माणसांची जातवार विभागणी केली त्यालाच. मोजमाप सुरू होण्यापूर्वीच निष्कर्षाचे अर्धे काम शीर्षकाने उरकलेले असते. गावकुसाबाहेरचे घर आणि गावातले घर अशी जी विभागणी पूर्वी पाटील-कुलकर्णी करीत, तीच आता 'गट अ' आणि 'गट ब' या नावांनी नांदते. कर्मणी प्रयोगाची ही भाषा मोठी सोयीची आहे. तिच्यात माणूस दिसत नाही, म्हणून जबाबदारही कोणी दिसत नाही.

हे टेप लावणे काही आजचे नाही. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये लोकांची नाके मोजली, १८९१ साली ग्रंथ काढले, आणि नाकाची रुंदी जितकी जास्त तितकी माणसाची सामाजिक पायरी खाली, असा सिद्धांत मांडला. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्तही तोच. म्हणजे नाक आणि सरकारी रजिस्टर एकाच हातात. पुढे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३३ साली 'सांख्य' या नियतकालिकात रिस्लेच्या आकड्यांची फेरतपासणी प्रसिद्ध केली आणि त्यांतल्या चुका दाखवल्या. आपल्या महाराष्ट्राच्या इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. युरोपीय कवटीची ठेवण श्रेष्ठत्वाची खूण ठरावी अशी गुरूची अपेक्षा. तशी खूण सापडत नाही, हे या बाईंनी त्याच प्रबंधात नोंदवले. डॉक्टरेट देणाऱ्या गुरूच्या नाकासमोर असे लिहायला काय लागत असेल, याची कल्पना आमच्याकडे मार्गदर्शकाची भाजी आणून देणाऱ्या कोणालाही करता येईल.

बाबासाहेबांनी मात्र या शास्त्राला त्याच्याच अंगणात गाठले. अस्पृश्यांच्या उगमावरचा त्यांचा ग्रंथ १९४८ चा. त्यात त्यांनी घुर्ये यांचे नासिका-निर्देशांक घेतले, प्रांताप्रांतांतील ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे आकडे शेजारी मांडले आणि दाखवून दिले, की अस्पृश्य हा वेगळ्या वंशाचा हे या आकड्यांतून निघतच नाही. पण मला महत्त्वाचे वाटते ते त्या विधानातले 'जर'. मानवमिती हे जर भरवशाचे शास्त्र असेल, तर, असा त्यांचा पवित्रा आहे. ते शास्त्र मान्य करीत नाहीत आणि नाकारीतही नाहीत. त्याला त्याचाच हिशेब भरायला लावतात. त्याआधी 'जातिनिर्मूलना'त, १९३६ साली, जातिव्यवस्थेने वंश सुधारतो म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले होते, की मग या देशातली माणसे खुजी आणि दमाला कमी का, बहुसंख्य सैन्याला अपात्र का. शारीरिक क्षमतेचा प्रश्न त्यांनी संपूर्ण हिंदू समाजावर उलटवला होता. आमच्या प्रबंधांच्या 'संबंधित साहित्याचा आढावा' या प्रकरणात हे दोन ग्रंथ मला अजून दिसलेले नाहीत.

आता आमच्या शास्त्राविषयी. 'टी'ची कसोटी गॉसेट नावाच्या माणसाने १९०८ साली प्रसिद्ध केली. तो डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात नोकरीला होता आणि थोड्या नमुन्यांवरून जवाचा कस ठरवण्याची त्याची अडचण होती. साधे, प्रामाणिक हत्यार आहे. दोन सरासऱ्यांतला फरक नुसत्या योगायोगाने पडू शकेल की नाही, एवढेच ते सांगते. फरक *का* पडला हे ते सांगत नाही, सांगू शकत नाही. शिवाय ०.०५ ची पातळी धरून एका प्रबंधात २० चाचण्या लावल्या, तर मुळात काहीच फरक नसताना सरासरीने एक चाचणी 'लक्षणीय' निघणारच. आमचे संशोधक नेमकी तीच उचलतात आणि तिच्यावर निष्कर्षाचे प्रकरण उभारतात.

पदार्थविज्ञानाची तऱ्हा याहून वाईट. हातातल्या स्टॉपवॉचने वेळ घेतली, तर शिट्टी ऐकून अंगठा दाबेपर्यंतच सेकंदाचा पाचवा भाग निघून जातो, तोही दर वेळी सारखा नाही. आणि कोष्टकात फरक दिलेला असतो सेकंदाच्या शंभराव्या भागात. घर्षणाचा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. जयंतीच्या स्पर्धेत वस्तीमागच्या मुरमाड पटांगणात अनवाणी कबड्डी खेळलेला पोरगा चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा मॅटवर उभा राहतो, कोणाचे तरी मागून आणलेले बूट घालून. मातीत पाय थोडा सरकतो, मॅटवर तो धरला जातो. वळण्याची सगळी सवय फुकट जाते. दुसरा गट वर्षभर त्याच मॅटवर. मोजली जाते ती मॅटची ओळख आणि लिहिली जाते ती जातीची क्षमता.

मागे एक संशोधक असेच कोष्टक घेऊन आले. आपल्याच वस्तीतले, घरातले पहिले पदवीधर, शाळेत क्रीडाशिक्षक. श्वास रोखण्याच्या चाचणीत आपल्या पोरांचा गट मागे पडला होता आणि कच्च्या मसुद्यात कारण दिले होते : 'आनुवंशिकता'. मी विचारले, "ही पोरं त्या दिवशी काय खाऊन आली होती?"

ते म्हणाले, "सर, ते सिनॉप्सिसमधी नाही ना."

"आणि ऊसतोडीहून कधी परतली होती?"

त्यावर ते गप्प बसले. परतून आठवडाही झाला नव्हता, हे त्यांना माहीत होते. त्यातला एक त्यांचा पुतण्याच होता. माहीत असलेले प्रबंधात येऊ शकत नाही, कारण त्यासाठी रकाना नाही. मला त्यांचा राग आला नाही असे नाही. पण पदोन्नती अडकलेली, मार्गदर्शक दुसऱ्या जातीचा, आणि साचा मोडला तर पाच वर्षे पाण्यात. रिस्लेला निदान ही अडचण नव्हती. आपल्या पुतण्याच्या नाकाला टेप लावण्याची पाळी त्याच्यावर आली नाही.

कोणी म्हणेल, मग मोजूच नये काय? जरूर मोजावे. पालवणकर बाळूची मोजणी झालीच होती. चांभाराचा हा मुलगा पुण्याच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर राबता राबता साहेबांना सरावाला चेंडू टाकू लागला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. आकडा याहून स्वच्छ काय असतो? तरी त्याचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला रीतसर कधी मिळाले नाही. १९२३ साली ते धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. आकडा आपल्याविरुद्ध असला की त्याला शास्त्र म्हणतात. आपल्या बाजूने असला की त्याला मंडपाबाहेर चहा देतात. (या बाळूने १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहावे आणि हरावे, हाही एक हिशेब आहे. तो आपल्या लिखाणात आपण फार झटपट मिटवतो.)

मोजायचे तर मुलाच्या ताटात काय आहे ते मोजा. पटांगण वस्तीपासून किती दूर आहे ते मोजा. माळेगावच्या यात्रेतल्या कुस्त्यांच्या फडात उतरायला खुराकाचा खर्च किती आणि तो कोणाच्या घरात निघतो, ते मोजा. 'टी'ची कसोटी इथेही चालते; जवाला चालली, तिथे ज्वारीला का चालू नये? आमच्या महाविद्यालयांत गणित, भौतिकी आणि क्रीडा हे तीन विभाग एकाच भिंतीला लागून आहेत, पण एकमेकांच्या दारात जातात ते फक्त शेवटच्या महिन्यात, कोष्टक भरून घ्यायला.

ते क्रीडाशिक्षक आठ दिवसांनी पुन्हा आले. 'आनुवंशिकता' खोडलेली होती. खाली पेन्सिलीने तीन रकाने ओढले होते : सकाळचे जेवण, स्थलांतराचे महिने, सरावाची जागा. पहिल्याच ओळीत पुतण्याचे नाव होते, आणि जेवणाच्या रकान्यात 'चहा'. मार्गदर्शकांकडे कागद गेला आहे. अजून परत आलेला नाही.