कोण पुढं गेलं, कोण मागं राहिलं? : स्थलांतरितांच्या अर्थकारणाची उलटतपासणी

(मलकापूर, ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय लांबचा वाटेल. वेस्ट इंडिजमधून आणि इस्रायलमधून परदेशी गेलेल्या लोकांची आर्थिक स्थिती, तिची तुलना. तुम्ही म्हणाल, मलकापुरात बसून याचं काय करायचं? पण आपल्या प्रत्येक गावात एक वाक्य रोज ऐकू येतं. "आपल्या पोरांना धंदा जमत नाही. ते बघा, बाहेरून आलेले कसे चार वर्षांत दुकान टाकतात." चावडीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे हे वाक्य आहे. आजची उलटतपासणी आम्हाला या वाक्याची करायची आहे. वेस्ट इंडिज आणि इस्रायल हे त्यातले साक्षीदार.

या वाक्याला मोठ्या विद्वानांचाही आधार आहे. अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ थॉमस सोवेल यांचं 'एथ्निक अमेरिका' हे पुस्तक 1981 साली आलं. आयरिश, जर्मन, ज्यू, इटालियन, चिनी, जपानी, कृष्णवर्णीय असे एकेक समाज घेऊन कोण कसा वर चढला हे त्यांनी मांडलं. त्यांचा सगळ्यात गाजलेला मुद्दा वेस्ट इंडियन लोकांचा. जमैका, बार्बाडोस इथून न्यूयॉर्कला गेलेले लोकही काळेच, त्यांचे पूर्वजही गुलामच. तरी ते अमेरिकेतल्या मूळच्या काळ्या लोकांपेक्षा शिक्षणात, धंद्यात, पगारात पुढं दिसतात. म्हणजे नुसत्या वर्णद्वेषानं सगळं ठरत नाही, समाजाच्या अंगच्या सवयींनीही ठरतं, असं सोवेल म्हणतात. कारणही देतात. वेस्ट इंडिजमधल्या गुलामांना स्वतःच्या पोटापुरती जमीन कसायला मिळायची आणि उरलेला माल ते बाजारात विकायचे. अमेरिकेतल्या गुलामाला मालकाकडून शिधा मिळायचा. एकाला बाजार कळला, दुसऱ्याला नाही.

मुद्दा वजनदार आहे, तो हसण्यावारी नेऊन चालणार नाही. एकाच रंगाच्या सगळ्यांना एका मापानं मोजू नका, हे सोवेल यांचं म्हणणं आम्हाला पूर्ण मान्य आहे. अडचण पुढच्या पायरीवर येते.

तेच जमैकन, तेच बार्बाडोसचे लोक लंडनलाही गेले. 1948 च्या जून महिन्यात 'एम्पायर विंडरश' हे जहाज टिलबरी बंदराला लागलं, तिथून ही रांग सुरू झाली असं धरतात. ब्रिटनला युद्धानंतर हात हवे होते. लंडनच्या बस आणि रेल्वे खात्यानं 1956 पासून थेट बार्बाडोसमध्ये जाऊन माणसं भरली. कुणी कंडक्टर झालं, कुणी दवाखान्यात नर्स, कुणी कारखान्यात. आणि ब्रिटनमध्ये हाच समाज 'मागं राहिलेला' म्हणून ओळखला गेला! बेट तेच, आजीनं केलेली भाजीची शेती तीच, शनिवारचा बाजार तोच. न्यूयॉर्कला गेलेला चुलता 'कष्टाळू' ठरला आणि लंडनला गेलेला पुतण्या 'मागासलेला'. सवयी जर रक्तात किंवा परवडीत असत्या, तर समुद्र ओलांडताना त्या निम्म्या लोकांच्याच बरोबर कशा गेल्या?

नॅन्सी फोनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्क आणि लंडनची अशी तुलना केली. त्यांचा एक मुद्दा आम्हाला फार पटतो. न्यूयॉर्कमध्ये आधीपासून काळ्या लोकांची मोठी वस्ती होती. वेस्ट इंडियन डॉक्टरला रोगी मिळाले, वकिलाला अशील मिळाले, दुकानदाराला गिऱ्हाईक मिळालं, पुढाऱ्याला मतदार मिळाले. लंडनमध्ये अशी वस्तीच नव्हती. तिथं तो एकटा, गोऱ्यांच्या नजरेसमोर. दुसरा मुद्दा सुझान मॉडेल यांचा, 2008 च्या पुस्तकातला. अमेरिकेला कोण गेलं? बेटावरचे सगळे नाही. ज्याला वाचता येतं, ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे आहेत, ज्याच्या अंगात खुमखुमी आहे, तो गेला. अशा निवडक माणसांची तुलना तुम्ही जिथल्या तिथं जन्मलेल्या अख्ख्या समाजाशी करता, तर निवडक माणूस पुढं दिसणारच. आमच्या भाषेत सांगायचं तर चाळणीतून आलेला गहू आणि खळ्यावरची रास एका तराजूत घालू नका.

आणि चाळणी कोण धरतं? कायदा धरतो. 1952 च्या अमेरिकन कायद्यानं वसाहतींतून येणाऱ्यांचा कोटा वर्षाला शंभरावर आणला. न्यूयॉर्कचं दार असं जवळजवळ लागलं, म्हणून माणसं लंडनकडे वळली. 1962 ला ब्रिटननं दार ओढून घेतलं, 1965 ला अमेरिकेनं परत उघडलं. या तारखा बघितल्याशिवाय 'स्वभाव' या शब्दावर जायचं नाही, एवढंच आमचं म्हणणं.

आता इस्रायल. इस्रायल सोडून अमेरिकेला जाणाऱ्याला हिब्रूत एक टोचणारा शब्द आहे, त्याचा अर्थ 'खाली उतरणारा'. मायदेशी येणारा 'वर चढणारा'. घरी अशी बोलणी खाणारा हा माणूस न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसला मात्र बऱ्यापैकी बस्तान बसवतो. शिक्षण असतं, इंग्रजी असतं, हिरे, बांधकाम, संगणक या धंद्यांत ओळखी असतात आणि आधी येऊन स्थिरावलेला ज्यू समाज तिथं असतो. यावरून लोक पटकन म्हणतात, ज्यू म्हणजे पैशाला हुशारच.

इथं आम्ही आपला घरचा साक्षीदार उभा करतो. बेने इस्रायल. आपल्याच कोकणातले, अलिबाग, नवगाव, चौल, पेण भागातले मराठी बोलणारे ज्यू. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून नाव पडलं शनवार तेली. आडनावं गावावरून: दिवेकर, चेऊलकर, राजपूरकर. मुंबईला गेले, कंपनीच्या फौजेत शिरले. सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. पुढं ही मंडळी रेल्वेत, टपालात, कचेऱ्यांत कारकून झाली, मास्तर आणि नर्स झाली. डॉ. ई. मोझेस 1937 साली मुंबईचे महापौर झाले. वरळीचा रस्ता त्यांच्याच नावाचा. सिनेमातले डेव्हिड आणि कवी निसीम इझेकिएल हेही याच समाजातले.

त्याच मुंबईत, त्याच धर्माचे दुसरे लोक होते. बगदादी ज्यू. डेव्हिड ससून 1830 च्या दशकात बगदादहून मुंबईला आले ते व्यापाराच्या ओळखी बरोबर घेऊनच. कापूस, अफू, पुढं गिरण्या, गोदी. एका शहरात, एकाच धर्मग्रंथाला मानणारे दोन समाज. एकाच्या नावाची गोदी, दुसरा महिन्याच्या पगारावर. धर्मानं धंद्याची अक्कल येत असती तर अलिबागच्या घाण्यावर ती का नाही आली? फरक धर्मग्रंथातला नव्हता. एक समाज भांडवल आणि चार बंदरांतली नाती घेऊन उतरला होता, दुसरा खेड्यातून नोकरी शोधत आला होता.

आणि मग याच बेने इस्रायलांचं पुढं काय झालं बघा. 1948 नंतर हजारोंनी ते इस्रायलला गेले. तिकडं वाट बघत होतं काय? दिमोना, बीरशेबा, लोद, अश्दोद. त्यातली काही नवी गावं तर वाळवंटाच्या कडेला वसवलेली. मुंबईतल्या कारकुनाचं भांडवल म्हणजे त्याचं इंग्रजी, त्याचं वळणदार अक्षर, साहेबाच्या कचेरीतला अनुभव. हिब्रूच्या देशात हे भांडवल एका रात्रीत नाणं बाद व्हावं तसं बाद झालं. कारकून कारखान्यात मशीनवर उभा राहिला. वर रंगावरून बोलणी. 1951 ला त्यांतल्या काहींनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं, आम्हाला परत भारतात पाठवा म्हणून, आणि 1952 ला शंभरावर माणसं खरोखर परत आली. त्यातली बरीच नंतर पुन्हा गेली, ही गोष्ट वेगळी. साठच्या दशकात तिथल्या धर्मपीठानं यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका काढली, लग्नाच्या वेळी पिढ्यांची चौकशी लावली. 1964 ला यरुशलेममध्ये मोठं आंदोलन झालं, संसदेत चर्चा झाली, तेव्हा कुठं ते मिटलं.

आज त्यांच्या पोरानातवंडांची स्थिती सुधारली आहे. पण काही काळ तिथंही हेच ऐकू यायचं, 'हे भारतीय मवाळ, यांना पुढं जाता येत नाही.' मुंबईत महापौर देणारा समाज दिमोनात गेल्यावर मवाळ कसा झाला?

म्हणून आम्ही तीन साधे प्रश्न सुचवतो. कोणताही समाज पुढं गेला किंवा मागं राहिला असं कुणी म्हणालं, की विचारायचे. एक, निघालं कोण? म्हणजे गावातले कोण निघाले आणि कोण राहिले. दोन, उतरल्यावर हात द्यायला कोण होतं? तीन, त्या साली कोणतं दार उघडं होतं?

आता हे प्रश्न आपल्या शाहूवाडीला लावू. इथनं, पन्हाळ्यातनं, पलीकडे साताऱ्याकडनं माणसं मुंबईला गेली. निघालं कोण? ज्याच्या वाट्याला डोंगरउताराची नाचणी-वरीची जमीन आली तो. हात द्यायला कोण होतं? गावकीची खोली. एका खोलीत वीस-वीस जण, पाळीपाळीनं झोपायचे, जेवायला खानावळ. आणि जॉबर, जो आपल्या गावचं पोरगं खात्याला लावायचा. दार कुठलं उघडं होतं? गिरणीचं आणि हमालीचं. दुकानाचं नाही, कारण दुकानाला पागडी लागते, उधारीवर माल देणारा सोयरा लागतो. तो सोयरा आपल्याकडे नव्हता, गुजराती माणसाकडे होता.

आणि गिरणीतही दार सगळ्यांना सारखं नव्हतं. विणकाम खात्यात पगार जास्त. पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून दलित कामगाराला विटाळाच्या नावाखाली त्या खात्यात घेत नसत. 1928-29 च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. म्हणजे ज्या चाळीत आपण 'बाहेरचे' होतो, त्याच चाळीत आपणही कुणाला तरी बाहेर ठेवलं होतं. हे सांगितल्याशिवाय आमचं बोलणं प्रामाणिक होणार नाही.

मग 18 जानेवारी 1982 ला संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांसाठी ते दार कायमचं लागलं. मनीऑर्डर थांबली. इथल्या घराघरांत ती कहाणी आहे. यात मराठी माणसाच्या स्वभावाचा दोष काढायला जागा कुठं आहे?

कुणी म्हणेल, पण धंदा जमतच नाही हे खरंच ना? मग शेजारच्या सांगली जिल्ह्यात चला. विटा, खानापूर, आटपाडी. पाऊस नाही, जमीन पडीक. तिथली मराठी माणसं सोनं-चांदी गाळायचा गलाईचा धंदा करत देशभर पसरली. तमिळनाडू, केरळ, उत्तर प्रदेश, जिथं सराफ बाजार तिथं गलाईवाला मराठी. एक गेला, त्यानं भाच्याला नेलं, भाच्यानं गावातल्या चौघांना. भाषा तीच, जात-पात तीच, आपल्यापासून अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. त्यांना धंदा जमला, कारण पहिल्या माणसानं एक दार शोधलं आणि मागच्यासाठी उघडं धरलं.

मग कष्टाला किंमत नाही का? आहे. पण कष्ट सगळेच करतात. गिरणीतला माणूस गलाईवाल्यापेक्षा कमी राबला असं त्याच्या बायकोला सांगून बघा. कष्टाचं फळ किती मिळणार हे मात्र दारं ठरवतात, आणि दारं माणसंच बांधतात. याच जिल्ह्यात शाहू महाराजांनी 1901 पासून वसतिगृहं काढली, 1902 ला पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्या आधी 'बहुजनांना शिक्षणाची आवड नाही' असं सर्रास म्हटलं जायचं. राहायला खोली मिळाली आणि आवड आपोआप आली!

सोवेल यांच्या पुस्तकावरचा आमचा शेवटचा आक्षेप हाच. सवयी असतात, हे ते बरोबर सांगतात. पण सवय हे उत्तर मानून ते थांबतात. आमच्या मते प्रश्न तिथं सुरू होतो. ही सवय कुठल्या दारातून आली?

आता जाता जाता एक काम तुमच्यावर सोपवतो. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडून, मराठवाड्यातून. शेताच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांच्याबद्दल आपण काय बोलतो, ते तुम्हालाही माहीत आहे. "उचल घेतात, पळून जातात, पोरांना शाळेत घालत नाहीत." तेच तीन प्रश्न इथं विचारा. निघालं कोण? ज्याच्या विहिरीला पाणी नाही तो. हात द्यायला कोण? मुकादम, आणि तोही उचलीचा हिशोब मांडून. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, दोघांच्या घामाचा एकच आकडा. दार कुठलं उघडं? सहा महिने फडात राहायचं असेल तर गावच्या शाळेचं दार आपसूक लागतं.

लंडनमधल्या गोऱ्या माणसानं जमैकनाबद्दल जे म्हटलं, दिमोनात कोकणातल्या दिवेकराबद्दल जे म्हटलं गेलं, मुंबईत 'घाटी' म्हणून आपल्याला जे ऐकावं लागलं, तेच वाक्य आज आपल्या तोंडात आहे. ते वाक्य खोटं आहे हे आपल्याला इतिहासानं शिकवलंय, आणि त्याची फी आपल्याच आजोबांनी भरली आहे.

ऑनलाइन ऐकणाऱ्यांपैकी पुण्या-मुंबईत, दुबईत, अमेरिकेत असलेले बरेच जण स्वतः चाळणीतून गेलेले आहेत. त्यांनी गावात राहिलेल्या भावाला आळशी म्हणण्याआधी पहिला प्रश्न स्वतःला विचारावा. मला हात कुणी दिला होता?

आम्ही इथं थांबतो. ज्यांना आमचं म्हणणं पटलं नाही त्यांनी आधी प्रश्न विचारावेत, पटलेल्यांचे नंतर घेऊ.