वीस टक्के, पण कशाचे? ओह्रिड करार कोल्हापुरातून वाचताना

परवा एका ज्युनिअरचा सिनॉप्सिस वाचला. विषय चांगला होता: ओह्रिड करार आणि आपला सीमाभाग. पहिल्याच पानावर वाक्य होतं, 'ओह्रिड हा अल्पसंख्याक हक्कांचा यशस्वी नमुना आहे.' तिथेच मी अडलो. तुम्हीही अडायला हवं, कारण व्हायवात पहिला प्रश्न यावरच येणार: यशस्वी हे तुम्ही कशावरून मोजलं?

थोडक्यात करार काय तो सांगतो. 2001 मध्ये मॅसेडोनियात (आताचा उत्तर मॅसेडोनिया) अल्बेनियन बंडखोर आणि सरकार यांच्यात काही महिने लढाई झाली. 13 ऑगस्ट 2001 ला करार झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यानुसार घटनादुरुस्ती झाली. ज्या भाषेचे बोलणारे किमान 20 टक्के, ती भाषासुद्धा अधिकृत. नगरपालिकेच्या पातळीवरही तोच आकडा. शिवाय भाषा, शिक्षण, संस्कृतीचे कायदे करताना अल्पसंख्याक समाजांच्या खासदारांचंही बहुमत लागतं. गंमत म्हणजे या भाषेच्या तरतुदीत 'अल्बेनियन' हे नावच नाही. फक्त आकडा आहे. बहुसंख्याकांच्या गळी उतरवायची ही युक्ती हुशारीची होती, हे मान्य.

पण हक्क आकड्यावर टांगले की भांडण मोजणीकडे सरकतं. 2004 मध्ये नगरपालिकांच्या हद्दी नव्याने आखल्या, तेव्हा कुठलं गाव कुठे जोडलं की 20 टक्के भरतात यावरून एवढं रान पेटलं की सार्वमत घ्यावं लागलं (ते अयशस्वी ठरलं). 2011 ची जनगणना तर अर्ध्यावर सोडून द्यावी लागली. आता सांगा, हे 'यश' एका वाक्यात कसं बसवणार?

आता आपल्याकडे या. आधी फरक नोंदवा: सीमाभागात आंदोलनं झाली, हुतात्मे झाले, पण सशस्त्र बंड नव्हतं आणि शांतता करारही नव्हता. होती ती 1956 ची राज्यपुनर्रचना आणि तिच्यासोबत आलेली भाषिक अल्पसंख्याकांची संरक्षणं. कलम 350 अ म्हणतं, प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं यासाठी राज्य 'प्रयत्न करील'. केंद्राच्या योजनेत 15 टक्क्यांची अट आहे: तेवढे लोक असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात. ओह्रिडपेक्षा आपला उंबरठा खालचा आहे, हे किती जणांच्या लक्षात येतं? मात्र त्यामागे खासदारांच्या दुहेरी बहुमतासारखं काही नाही. भाषिक अल्पसंख्याक आयुक्त अहवाल देतात, तो संसदेपुढे ठेवला जातो, झालं.

आणि मोजणीचा प्रश्न इथेही तसाच. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषक जेमतेम 19 टक्क्यांच्या आसपास. ओह्रिडचा नियम जिल्ह्याला लावला तर मराठी काठावर नापास! पण एकक जिल्ह्याऐवजी खानापूर तालुका घ्या, तिथे मराठी बहुसंख्य. म्हणूनच महाराष्ट्राने 'खेडं हा घटक' धरायचा आग्रह ठेवला. महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात 264 गावं महाराष्ट्राला सुचवली, बेळगाव शहर मात्र नाही. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि 2004 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. आजही 1 नोव्हेंबरला तिथले मराठी लोक काळा दिवस पाळतात आणि त्याच दिवशी त्याच शहरात राज्योत्सव असतो. कोल्हापूरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत.

माझी त्या ज्युनिअरशी तक्रार एवढीच की त्याने करार हे औषध मानलं आणि सीमाभाग हा रुग्ण. इथलं राजकारण आपल्या जवळचं असल्याने आपल्या सगळ्यांकडूनच हे होतं. मीही पहिल्या वर्षी असंच लिहिलं होतं, गाइडनी लाल पेनाने अख्खं पान खोडलं.

सिनॉप्सिसमध्ये प्रश्न बदलून पाहा: आकडा कोण ठरवतो, एकक कोण निवडतं आणि हक्क मिळाला नाही तर दाद कुठे मागायची? मॅसेडोनियाच्या घटनेतलं सातवं कलम दुरुस्तीनंतरच्या रूपात वाचा, मग शेजारी 350 अ उघडा. दोन्हीकडची क्रियापदं अधोरेखित करा. तुमचं पहिलं प्रकरण तिथून सुरू होईल.