ब्रोदेलचा समुद्र आणि आयोनियाचा किनारा

मागच्या व्याख्यानात आपण फर्नां ब्रोदेलच्या भूमध्य समुद्रावरच्या ग्रंथाची रचना पाहिली. पहिल्या भागात डोंगर, वारे, पिकं; दुसऱ्यात व्यापार, लोकसंख्या, साम्राज्यं; तिसऱ्यात लढाया आणि तह. काळाचे तीन वेग. त्यांतला संथ तो खोल आणि खरा, घटना म्हणजे लाटेवरचा फेस, असा त्याचा एकूण कल. ग्रंथ १९४९ चा. मसुदा जर्मनांच्या युद्धकैदेत, बराचसा स्मरणावर लिहिलेला. अशा माणसाविषयी आदरानेच बोलावं लागतं. तरी आज मला त्याच्याशी भांडायचंय, आणि त्यासाठी मी तुर्कस्तानचा पश्चिम किनारा घेतलाय, म्हणजे जुना आयोनिया.

आधी त्याची बाजू. मिलेटस हे थेलीसचं गाव. वर्गात आपण ‘सारं पाण्यापासून’ एवढं सांगून पुढे सरकतो. पण थेलीसच्या गावच्या पाण्याचं काय झालं, हे सांगायचं राहूनच जातं. मिलेटसला चार बंदरं होती. जवळच मिअँडर नदी समुद्राला मिळे. तिने शतकानुशतकं गाळ आणून अख्खी खाडी बुजवली. आज समुद्र तिथून कित्येक किलोमीटर दूर गेलाय, आणि खाडीचा आतला तुकडा बाफा नावाचं तळं होऊन बसलाय. यात कुणी राजा नाही, सेनापती नाही. ब्रोदेलला हवा तस्सा इतिहास!

पण याच खाडीत लादे नावाचं बेट होतं. (आज ती सपाट शेतांतली टेकडी आहे.) इ.स.पू. ४९४ मध्ये तिथे इराणी आरमाराने आयोनियाच्या बंडखोरांना हरवलं आणि मग मिलेटस पाडलं. गाळ भरून यायला अजून शतकं होती. पकडलेल्यांना टायग्रिसच्या मुखाजवळ नेऊन वसवलं, असं हिरोडोटस लिहितो. तोच सांगतो, की फ्रिनिकसने अथेन्समध्ये यावर नाटक केलं तेव्हा सगळं नाट्यगृह रडलं, आणि घरचंच दुःख आठवून दिलं म्हणून कवीला हजार द्राख्मांचा दंड झाला. फेसासाठी कुणी असं रडत नाही हो.

आता वर इझमीरला या. तिथेही गेदिझ नदी आखात बुजवत चालली होती. १८८६ मध्ये उस्मानी सरकारने तिचा प्रवाह वळवला आणि बंदर वाचलं. म्हणजे संथ काळालाही माणूस अडवतो, निर्णय घेऊन अडवतो. हा निर्णय ब्रोदेलच्या कोणत्या थरात बसवायचा?

आणि मग सप्टेंबर १९२२. ९ तारखेला तुर्की सैन्य इझमीरमध्ये शिरलं, १३ ला आग लागली. ३० जानेवारी १९२३ ला लोझानमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. सुमारे बारा लाख ख्रिस्ती एका बाजूचे, साडेतीन-चार लाख मुसलमान दुसऱ्या बाजूचे. पुष्कळ जण आधीच पळाले होते; कराराने त्यांची परतीची वाट बंद केली. कसोटी धर्माची, भाषेची नव्हे. त्यामुळे तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये ‘परत’ पाठवले गेले, आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात. जिथे कधी राहिलेच नाहीत, तिथे परत!

ब्रोदेलचे चाहते म्हणतील, ग्रंथ सोळाव्या शतकाचा, त्याला १९२२ चा जाब का? कबूल. पण १९५८ च्या प्रदीर्घ काळावरच्या निबंधात तो हीच दृष्टी सगळ्या समाजशास्त्रांसमोर ठेवतो, मग जाबही द्यावा लागतो. माझा आक्षेप असा, की संथ काळाला कर्ता नसतो. गाळाला कुणी आरोपी करत नाही. सगळंच त्या पातळीवर नेलं की ‘हे कुणी केलं?’ हा प्रश्नच बाद होतो, आणि लोझानमध्ये तर सह्या आहेत.

याच किनाऱ्यावर उत्तरेला आयवालिक आहे, ऑलिव्हच्या तेलाचं गाव. तिथले ग्रीक गेले. क्रीट आणि लेस्बॉसहून आलेले मुसलमान त्यांच्या घरांत राहायला आले. ऑलिव्हची झाडं तीच राहिली, धंदाही चालू राहिला. ब्रोदेलच्या पहिल्या भागात या गावाची नोंद केली, तर १९२२ च्या आधीची आणि नंतरची नोंद शब्दशः सारखी येईल.